भुकटी

म्हशीला गोचीड, कुत्र्याला पिसवा,
पोरींच्या वेणीत उवा.
सापाला होतं त्याला काय म्हणायचं
ते आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं.
कल्लव्वा म्हणाली, हेनु असतील, म्हणजे उवाच.
खरं उवेला केस लागतो,
मुद्दूला तर कानसुद्धा नाहीत.

संतरामनं बेंगळुरातून आणला, कागदपत्रांसकट,
आफ्रिकेतला अजगर, दीड हात, जळक्या गुळाच्या रंगाचा.
मग गेला होसूरला कंपनीत.
आई, आठवड्याला एक उंदीर, बाकी काही नाही.
बाकी काही नाही म्हणतात
तेच मागं उरतं.

तीन आठवडे मुद्दू खाईना.
पाण्याच्या वाडग्यात वेटोळं घालून बसून राहिला,
नळाची पाळी धरून बसावं तसा.
वाडग्याच्या तळाशी काळी भुकटी.
मला वाटलं माझीच.
तेवीस वर्षं निपाणीत विड्या वळते मी,
भाकरीत निघते, अंथरुणात निघते,
नवरा होता तेव्हा भांडणात निघायची.
पांढऱ्या धडप्यानं पुसून काढला त्याला.
धडप्यावर भुकटी उमटली
आणि चालू लागली.

वखारीतला हणमंत म्हणाला, तंबाखूचं पाणी मार की,
मिरचीवरचा मावा जातो, ह्याचं काय घेऊन बसलीस.
एक चिमूट पुरे.
चिकोडीच्या डॉक्टरांनी फोनवर आधी कन्नडात,
मग सावकाश मराठीत सांगितलं,
चिमूट पुरेच. किडे मरतील, सापही मरेल.
तुमच्या हाताला तंबाखू असतो का?

हाताला.

त्या रात्री लिंबू चोळलं, राख चोळली, शिकेकाई चोळली,
नखांच्या कडेला वास तसाच.
सहा महिने ह्याच हातांनी त्याला उचलत होते.
जीभ काढून तो माझं बोट वाचायचा
आणि मान वळवायचा.
मी म्हणायचे, गर्विष्ठ आहे मेला.

शेवटी कल्लव्वाला हाक मारली. ताक विकते, हात लोण्याचे.
पंचमीला वारुळात दूध ओतते, खरं
दगडाचा नाग सोडून दुसऱ्याला शिवलेली नाही.
नानु? इल्ल इल्ल, म्हणाली.
आणि काकणं मागं सारली.

कोमट पाणी, तिनं कोपर बुडवून बघितलेलं.
निळ्या टबात धरलं त्याला, डोळे गच्च मिटून.
मी उंबऱ्यावर, हात पाठीमागं,
नुसती सांगत राहिले.
हनुवटीखाली बघ. डोळ्याच्या खाचेत बघ.
बघ म्हटल्यावर बघावंच लागलं तिला.
पाणी चढलं तसे सगळे डोक्याकडं पळाले,
पुरातलं गाव देवळाकडं पळावं तसे.
ओल्या कापसानं एकेक टिपला,
डोळ्यांच्या कडेला गोडेतेलाचा थेंब.
टबात काळे तीळ सांडल्यासारखे.
कल्लव्वा पुटपुटत होती काहीतरी,
कन्नड असावं, किंवा
बाळाला न्हाऊ घालताना बायका जे बोलतात ते,
त्याला भाषा नसते.

पेटीतला भुसा जाळला. चढायची फांदी जाळली.
पेटी उकळत्या पाण्यानं दोनदा.
तळाला संतरामच्या वहीची कोरी पानं.
अंडी राहतात म्हणाले डॉक्टर,
पाचव्या दिवशी परत, मग परत.
माझं सूप आणि पाल्याची टोपली गेली
कल्लव्वाच्या कट्ट्यावर.
एक-दोन गिऱ्हाइकं कुरकुरली,
ताकाला तंबाखूचा वास येतोय.
येऊ दे की, म्हणाली. फुकट आहे तो.

मग त्यानं कात टाकली, अख्खी, डोळ्यांच्या काचांसकट.
उन्हात धरली तर एका काचेपाशी
दोन ठिपके, वाळलेले.
रात्री उंदीर खाल्ला.
संतरामचा फोन आला, बाकी काय?
म्हटलं, बाकी काही नाही.

कट्ट्यावर बसते आता.
पाला कातरते, चिमटीत भुकटी घेते,
आणि वळायच्या आधी
थोडी थांबते,
चालत तर नाही ना, बघते.