पाव दर

पिवळी फळी माळ्यावरून काढली तेव्हा
पालीची दोन अंडी निघाली, आणि
एसटीडी आयएसडी पीसीओ,
लाल ऑइलपेंट, ‘ड’चं पोट पोपडलेलं.
अडीच फूट बाय सव्वा. सागवान नाही,
पण फुगलेलीही नाही.
मिरजेत स्टेशनरोडला एकोणीस वर्षं
आमच्या खोक्यावर ऊन खात होती,
आता तिच्यावर माझी चार पेडलं बसणार.

आधी व्हेलक्रो लावला होता, साध्या प्लायवर.
लक्ष्मी मार्केटातून, सँडलवाल्याकडून, मीटरवर घेतलेला.
‘दादा, पाय निघंल, पण हे निघायचं न्हाई.’
एप्रिलात, तासगावच्या रिसेप्शनला,
पत्र्याच्या कार्यालयात गोंदाचा पाक झाला
आणि सोलोच्या ऐन तोंडावर
ओव्हरड्राइव्ह माझ्या बुटाबरोबर वर आला,
केबलला लोंबकळत,
शेपटी धरलेल्या उंदरासारखा.
ऑक्टोपॅडवाला सुहेल थांबेचना.
नवरीचा मामा म्हणाला, सेल संपले वाटतं.

म्हणून दिलावरभाईंकडे साखळी मागितली.
‘कुठल्या सायकलची?’
सायकलला नको, गिटारला.
त्यांनी पान्हा खाली ठेवला.
ह्या गावात सतारीसाठी भोपळा शोधत
लांबलांबून माणसं येतात,
साखळी मागणारा मी पहिलाच.
गंजकी दिली, हातभर. पैसे घेतले नाहीत,
‘वाजली तर सांग’ म्हणाले.

रात्रभर रॉकेलात भिजवली.
पंचनं एकेक कडी सोडवली.
बाहेरची पट्टी इंग्रजी आठासारखी, दोन भोकांची:
एक भोक पेडलच्या बुडाच्या स्क्रूला,
एक लाकडाला.
एवढंच.
रबरी पाय सुरीनं सोलले, सोळा निघाले,
टाकवेनात, डबीत ठेवले.

आई पलीकडे मोबाइलवर रमी खेळत होती.
‘आयएसडीतल्या आयला भोक पाडू नको,
बाकी कुठंही पाड,’
म्हणाली, आणि आपल्याच बोलण्यावर
डाव हरेपर्यंत हसली.

मग ट्यूनर. मग वाह, तो जड, त्याला सहा कड्या.
ओव्हरड्राइव्ह नेमका ‘पी’वर आला.
शेवटी डिले, निळा, कोल्हापूरहून सेकंडहँड.
‘हे काय करतं?’
आपण वाजवलेलं परत ऐकवतं.
‘किती वेळानं?’
आत्ता अर्ध्या सेकंदावर लावलाय.
तिनं पत्ते बाजूला ठेवले.
‘म्हणजे मस्कत,’ म्हणाली.

मस्कतला एवढ्यानंच यायचा
आपलाच आवाज परत. दुबईला जरा कमी.
नवीन माणसं आधी स्वतःशीच भांडायची,
हॅलो, अहो हॅलो, मीच बोलतेय की!
मी काचेवर टिचकी मारून सांगायची,
बोला, थांबा, मग बोला. मीटर पळतंय.
अकरानंतर बाकावर जागा नसायची.
मालगावच्या नदाफांची एक सून यायची,
आत जाऊन विचारायची, जेवलात का?
आणि त्याच्या आधी
तिचंच ‘जेवलात का’ तिच्या कानात यायचं.
ती ‘हो’ म्हणायची.
दर वेळी. हो, जेवले.
तिला कुणीच विचारत नसणार घरात.

स्क्रूड्रायव्हर हातात तसाच राहिला.
मग शेवटची कडी कसली,
डाव्या हातानं, उलट्या आट्यांचा भास होईपर्यंत.
फळीच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत
रात्री अकरानंतर पाव दर
अजून वाचता येतं.
तिथून केबल नेली नाही,
दीड फूट जास्त लागली, लागू दे.

फळी उलटी धरून हलवली.
काही पडलं नाही.
‘अजून एकदा,’ आई म्हणाली.
अजून एकदा हलवली.
फरशीवर एक स्क्रू उरलाय,
कुठला ते कळत नाही.