आमच्या राहत्या घरी

निरगुडकर काकांच्या स्टुडिओचं पान
रात्री पावणेदोनला पूर्ण झालं.
छत्तीस फोटो, खजुरी बाजारातल्या खोलीत
लाल दिव्याखाली त्यांनी स्वतः धुतलेले.
छत्तीसच्या छत्तीस माझ्या पडद्यावर
जागच्या जागी.

सकाळी फोन.
"अगं, ठाण्याला सुलू पाहून राहिली आहे,
तिला नुसत्या चौकटी दिसतात,
कोपऱ्यात फाटक्या कागदाचं चित्र."
मी म्हटलं, इथे तर दिसतायत.
"इथे मलाही दिसतात,
स्टुडिओ माझाच होता."

मग एकेक पत्ता वाचत गेले.
सी. युजर्स. माझं नाव.
डेस्कटॉप. नवीन फोल्डर दोन.
म्हणजे साऱ्या जगाला मी खुशाल सांगितलं होतं
की फोटो माझ्या टेबलावर आहेत,
या आणि बघा.

काका जिन्यात दोनदा थांबून वर आले,
पोह्यांवरची शेव वेचत म्हणाले,
"बेंद्र्यांच्या लग्नाला मी दोन तास उशिरा पोचलो.
पत्रिकेवर छापलं होतं: आमच्या राहत्या घरी.
बस, एवढंच.
गळ्यात कॅमेरा, मल्हारगंजातल्या सात गल्ल्या,
प्रत्येक घरात कोणीतरी राहतच होतं."

मी दुरुस्त करत बसले.
दोन टिंबं: एक पायरी बाहेर ये.
तिरकी रेघ.
आता "चित्रे" असं लिहिलेल्या दारातून आत.
पान कुठेही उचलून न्या,
त्याला आपल्या पायापासून वाट माहीत हवी.
नावांतल्या मोकळ्या जागा बुजवल्या,
एकेक फोटो सर्व्हरवर चढवला.

दुपारी सुलूताईचा फोन.
पस्तीस आले.
"एक चौकट अजून रिकामी आहे गं,
आत नुसतं लिहिलंय: नवरी हसते आहे.
कशाला हसते आहे?"

फोटो तर चढवला होता.
मग दिसलं: कॅमेऱ्याने शेपटीला
मोठी अक्षरं लावलेली, मी लहान लिहिलेली.
माझं यंत्र असल्या गोष्टींकडे कानाडोळा करतं,
तिकडचं करत नाही.

बोट की-बोर्डवर नेलं, तेवढ्यात
काकांनी माझ्या हातातून फोन घेतला.
"अगं सुलू, मी पोचेपर्यंत सप्तपदी उरकलेली!
म्हटलं, पुन्हा चाला.
भटजी चिडले, नवरा लाजला, आणि ती..."

मी बोट मागे घेतलं.
काका तिसऱ्या पावलापर्यंत आले होते.