चौथ्या गाण्यातली करकर

थोराने चाळीस रेकॉर्डी आणून ठेवल्या माझ्या दुकानात,
खिळ्यांच्या खणांशेजारी, दोरखंडाच्या वेटोळ्याला टेकून.
म्हणाली, खपल्या तर खपव, नाहीतर पडू देत.
आणि दुपारच्या बोटीने निघून गेली.

स्ट्रॉमनेसमध्ये गिऱ्हाईक आधी वाऱ्याबद्दल बोलतं,
मग ज्यासाठी आलं त्याबद्दल.
त्या नोव्हेंबरात वाऱ्याचा नंबर दुसरा लागला.

एर्लंड ड्रेव्हर, फेरीवर दोर टाकणारा, पहिला बोलला:
"बरी आहे. पण पोरगी गाते अशी
की शेजारच्या खोलीत कुणी निजलंय."
कौतुक की तक्रार, मी विचारलं नाही.
त्याने सहा बिजागऱ्या घेतल्या, आणि आणखी एक प्रत
ॲबर्डीनच्या बहिणीसाठी.

मिसेस आयझबिस्टर चष्मा पुसत म्हणाल्या, "फिडल कुठंय?
पाच वर्षं मी घसा फोडून शिकवलं,
आणि बाईसाहेबांनी सबंध रेकॉर्डीत
तीनदा खाजवली ती."
पुढच्या आठवड्यात त्यांनीच सांगितलं
कुठे कुठे. सेकंदासकट.

खाटीक लिंकलेटरने एकदाच लावली.
सॉसेज भरणारा हात मंदावतो म्हणून
बंद करून टाकली.

ग्लासगोहून सुट्टीला पोरं आली.
त्यांना सगळंच कच्चं वाटलं, आणि कच्चं म्हणजे उत्तम.
एकजण मात्र, नुकती दाढी फुटलेला,
म्हणे पहिली रेकॉर्ड खरी होती,
ही जरा विकली गेलीय.
कुणाला रे, बाळा?
माझ्याकडे अजून एकोणतीस पडल्यात.

पेटलं ते चौथ्या गाण्यावरून.
फारसे शब्द नाहीत त्यात. गिटार,
आणि मधूनच
कर्र...
थोडं थांबून पुन्हा
कर्र.

चूक आहे, काढायला हवी होती.
मुद्दाम आहे, वल्ह्याचा आवाज आहे तो.
दाढीवाला म्हणाला, मौनाला पडलेली चीर.
मिसेस आयझबिस्टर म्हणाल्या, खुर्ची.
माझ्याच काउंटरला टेकून
दोन जाणती माणसं एका करकरीपायी
नाताळापर्यंत एकमेकांशी बोलेनाशी झाली.

मग आला सिगर्ड रेंडल.
थोराचा बाप मॅन्सी गेला, त्याआधीची तेवीस वर्षं
दोघं एकाच बोटीतून खेकडे धरायचे.
गाण्यातलं मला काही कळत नाही,
हे सिगर्ड न विचारता सांगतो.
घरी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नाही,
म्हणून मी दुकानातच लावली.
हातात रंगाचा डबा धरून तो उभा.
तीन गाणी तसाच उभा.
चौथ्याला डबा खाली ठेवला.

"दार आहे हे," म्हणाला. "मॅन्सीच्या शेडचं.
वरच्या बिजागरीत मीठ बसलेलं.
तेल घाल, तेल घाल, किती सांगितलं त्याला.
म्हणायचा, असू दे. कुणी आलं तर कळतं."

ते तेल मीच विकलं होतं मॅन्सीला.
दोनदा.

एप्रिलात थोरा आली, उरलेल्या मोजल्या: अकरा.
बाहीने वरची धूळ पुसली.
काय म्हणतात लोक?
वारा फार आहे म्हणतात, मी म्हटलं.
मग राहवेना, करकरीचं विचारलं.
ती हसली. "ती होय? एडिंबराच्या खोलीतली खुर्ची.
घरमालकाची. बाबांची शेड तर
त्याआधीच पाडली होती."

सिगर्डला हे मी सांगितलेलं नाही.
मिसेस आयझबिस्टरना तर मुळीच नाही.

दर गुरुवारी तो येतो. घेत काहीच नाही.
मी सुई चौथ्यावर ठेवते
आणि खिळे मोजत बसते, मोजलेलेच.
ते दार उघडतं.
सिगर्ड जरासा बाजूला सरकतो,
येणाऱ्याला वाट द्यावी तसा,
आणि मग वाऱ्याबद्दल बोलतो.