कंस

सायमा कालव्याच्या काठी, लाकडी केबिनमध्ये
हेल्का पडद्यावर बटण मांडते: दार उघड.
प्रोग्राम सुरू होतो न होतो, कुणी बोटही न लावता
चित्रातलं दार सताड उघडं.
निळी रेघ ओलांडून पाणी
थेट खालच्या चौकटीत.

चूक एवढीशीच: फंक्शनच्या नावापुढचे दोन कंस.
बटणाच्या कानात नाव सांगून ठेवायचं होतं,
तिनं हाकच मारली.

कंस खोडले.
आता बटण नाव धरून बसलंय,
कुणी दाबेल तेव्हा.

चाळीस वर्षं ही दारं राखलेला ताउनो
थर्मासचं झाकण फिरवत विचारतो, "झालं?"
"झालं. आता काहीच होत नाही."
"हं," म्हणतो, कॉफी ओततो.
वळणावर ओंडक्यांची बोट
अजून दिसत नाही.