चल क्रमांक २११७

अर्ज सोमवारी आला. एक्केचाळीस चल मागितलेत.
अर्जदार उर्मास कालास्ते, विभाग कान आणि जनुकं,
टार्टू, दुसरा मजला,
म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर.
त्याची खुर्ची सरकली की मला ऐकू येते.
तरी अर्ज रीतसर, पोर्टलवरून. तेच बरं.

तळघरात लाखभर माणसांचं रक्त
उणे ऐंशीत गोठून आहे
आणि त्यांची उत्तरं माझ्याकडे, रकान्यारकान्यांत.
माझं काम एवढंच:
कुणी काही मागितलं की विचारायचं, कशाला?

वय. कशाला? वयाबरोबर ऐकणं जातं.
बरं, घ्या. पण जन्मतारीख नाही, फक्त वर्ष.
कापडगिरणीत काम, किती वर्षं. घ्या.
बंदूक चालवलीय का. घ्या.
गावाचं नाव.
नाही.
जिल्हा देते. बेटावर माणसं मोजकी,
त्यांतली बहिरी, त्यांतली डावखुरी, त्यांतली जुळी,
चार चाळण्या लावल्या की एकच बाई उरते
आणि तिची शेजारीणही तिला लगेच हाक मारील.
आमच्याकडे नियम एकच, बाकीचे त्याचे जावई:
ओळीची ओळख होता कामा नये.

मग हा, २११७.
आपण समूहगायनात गाता का?
होय. पूर्वी गात असे. कधीच नाही.
समर्थनाच्या चौकटीत,
जिथं दोनशे शब्दांत संदर्भांसह लिहायचं असतं,
त्यानं लिहिलंय:

माझी आई पहिल्या ओळीत गायची.
मग दुसऱ्या. मग अगदी मागे, दाराजवळ,
जिथून निदान निर्देशकाचे हात दिसतात.
मग म्हणाली, गुडघे दुखतात,
एवढा वेळ उभं राहवत नाही.
गुडघ्यांना काही झालं नव्हतं.
कानाच्या डॉक्टरकडे ती गेली नऊ वर्षांनी.
'पूर्वी गात असे' म्हणणाऱ्यांत
मला असे गुडघे शोधायचेत.

हे समर्थन नाही.
मी लिहायला घेतलं, कृपया गृहीतक स्पष्ट करावे,
अपेक्षित नमुन्याचा आकार

त्या लाखात माझीही एक ओळ आहे.
कुठली ते मला माहीत नाही, माहीत असूही नये.
तेवीस वर्षांपूर्वी व्होरूच्या दवाखान्यात
कोपरात कापूस दाबून बसले होते,
हेल्वे नावाची नर्स एकेक प्रश्न वाचत होती.
भावंडं किती? एक.
जिवंत?
मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं.
ती म्हणाली, राहू दे, आणि एक कळ दाबली.

कुठली दाबली ते आता कळतं.
उणे तीन: सांगायचं नाही.
खरं तर उणे एक हवं होतं: माहीत नाही.
तो मासेमारीच्या जहाजावर चढला, दोन पत्रं आली,
दुसऱ्यात मोज्यांचा एक जोड मागितला होता.
मी तो विणलाही.
शास्त्रज्ञांना तसा फरक पडत नाही.
विश्लेषणाच्या पहिल्याच आज्ञेत
ते सगळे उणे गाळून टाकतात.

चार वाजता अंधार पडला. दिवा लावला
आणि त्याच्या चौकटीतला मजकूर पुसून
मी स्वतः लिहिलं,
जे मी कधी करत नाही, करायचंही नसतं:
स्वयंकथित सामाजिक सहभागातील घट,
श्रवणऱ्हासाच्या निदानपूर्व टप्प्याची निदर्शक म्हणून.
खाली टीप: अर्जदाराने तपासून सही करावी.

वाचून पाहिलं. आई त्यात पुरती आहे,
पहिली ओळ, दुसरी ओळ, दार, गुडघे,
काही सुटलेलं नाही.
फक्त आता तिला कुणी ओळखणार नाही.

पाठवलं.
वर बराच वेळ शांतता होती.
मग खुर्ची सरकली.