पंचम किंचित खोटा

त्सियाला माझ्या दारात आली तेव्हा
तिला अडुसष्ट पुरी होऊन तीन महिने झाले होते.
आधीच सांगून टाकलं: कान चांगले आहेत,
फक्त चिमण्या कमी ऐकू येतात.

चाळीस वर्षं रोपवेच्या डब्यात उभी राहिलेली बाई.
क्विरिलाच्या काठावरून वर, मँगनीजच्या खाणीपर्यंत,
दहा कामगार, कधी एखादी बकरी,
एकदा एक बाळंतीण, अर्ध्या वाटेतच मोकळी झालेली.
डोक्यावरची तार कशी गुणगुणते यावरून
ती सांगायची, आतला एक पदर तुटलाय.
इंजिनियर हसायचे.
मग शिडी लावायचे.
मग हसायचे नाहीत.

नवा रोपवे आला, काचेचा, बटणांचा.
निरोपाला तिला डुलती खुर्ची मिळाली.
एक संध्याकाळ ती तिच्यात बसली
आणि दुसऱ्या दिवशी विकून आली.
त्या पैशांत माझी पहिली फी
आणि सूर जुळवायची एक किल्ली, सेकंड हँड.

मी पियानो लावतो. आजोबांपासूनचा धंदा.
एके काळी इथे घरटी पियानो होता, हप्त्यावर घेतलेला.
आता त्यांच्यावर टीव्ही, लोणच्याच्या बरण्या, गेलेल्यांचे फोटो.
खरं तर मीच दुसरं काही शोधत होतो.
म्हटलं, बाई, यात पोट भरत नाही.
म्हणाली, पोटापुरती पेन्शन आहे.
मला तार हवी.

दोन तारा एका सुराजवळ आल्या
की हवेत एक थरथर उठते, आणि जुळता जुळता विरते.
मला ती ऐकू यायला दोन वर्षं लागली होती,
तिला पहिल्याच सकाळी आली.
मनगटं मात्र ऐकेनात. एक तार तुटून गालावर बसली.
तिने खाणीतली शिवी दिली, रक्त पुसलं,
विचारलं, ही किती रुबाबाने तुटते, नाही?

अडलं ते पंचमापाशी.
सगळे पंचम खरे लावले तर शेवटचा सूर पहिल्याला भेटत नाही.
म्हणून प्रत्येकातून केसभर चोरायचं,
प्रत्येक किंचित खोटा ठेवायचा,
तरच बाराही एका घरात नांदतात.
ती किल्ली खाली ठेवून म्हणाली,
तार खोटी ठेवली की माणसं मरतात.

मी म्हणालो, इथे कुणी लटकलेलं नाही.
माहीत आहे, म्हणाली.
पण तीन आठवडे तिचा हात
खऱ्यावरच जाऊन थांबायचा.

माझे वडील तिच्याच वयाचे.
खिडकीत बसून ट्रक मोजतात.
म्हणायचे, म्हातारीचं डोकं फिरलंय.
हल्ली मंगळवारी दाढी करतात.

वरच्या सप्तकासाठी ती पेन्सिल दातांत धरते,
दुसरं टोक लाकडाला टेकवते.
डोळे मिटून म्हणते, हा अजून कुरकुरतोय.
मी तपासतो.
कुरकुरत असतो.

परवा तिचं पहिलं काम. इझोल्दा मास्तरीणबाईंकडे.
आधी सात बरण्या उतरवल्या, मग एक नवरा, चौकटीसकट.
मी कोपऱ्यात गप्प. सात तास लागले.
मी एका तासात केलं असतं, आणि इतकं नीट केलं नसतं.

तिला वाजवता येत नाही, एकही गाणं नाही.
शेवटी फक्त दोन पट्ट्या एकदम दाबल्या
आणि सूर भिंतीत शिरेपर्यंत धरून ठेवल्या.
खोटा आहे, म्हणाली.
हात किल्लीकडे गेला,
तिथेच थांबला,
मग पिशवी बांधू लागला.

बिदागी म्हणून द्राक्षरसात बुडवलेल्या अक्रोडांची माळ मिळाली.
जिना उतरताना तिने अर्धी मोडून मला दिली
आणि तोंडात घास असतानाच विचारलं,
उद्या कुणाकडे?