तिसरी तार

तेरमेझला जुलैत
दुकानाचं शटर चटका दिल्याशिवाय उघडत नाही.
नदीपलीकडून वारा येतो तो वाळू घेऊन.
आम्ही त्याला नुसतं 'अफगाणी' म्हणतो,
पाहुण्याला गावावरून ओळखावं तसं.

मी पासपोर्टचे फोटो काढते.
रशियाला निघालेली पोरं समोर बसतात.
कान दिसू दे. हसू नकोस. हनुवटी वर.
सहा फोटोंचा कागद निघेस्तोवर
कॉम्प्युटर तापतो, आणि बसल्या जागी मान टाकतो.
काल एकाचा चेहरा नाकापर्यंतच छापून आला.
"चालेल का एवढा?" त्याने विचारलं.
अगदी मनापासून.

म्हणून एशमुरोदला फोन लावला.
भाऊ माझा. क्रास्नोयार्स्कच्या एका गोदामात
असल्याच पेट्या दिवसभर उघडतो, मिटतो.
तिकडे पाऊस होता, तो जाकिटात बोलत होता.
मी फोन डिंकाच्या बाटलीला टेकवला,
पेटीचा पत्रा काढला,
तर आत अख्खं वाळवंट, बारीक चाळलेलं.

"पंख्याच्या कडेला बाण असेल, बोटाने चाचप.
पुढचा आत ओढेल, मागचा बाहेर टाकेल.
दोन्ही आत फुंकायला लागले
तर एका चुलीवर दोन सुना."
पुढच्या जाळीवर मी जुना पायमोजा ताणून बसवला.
हे त्याला सांगितलं नाही.

"बोर्डावर जागा एकच आहे रे."
"मग दुतोंडी तार लाव. भिऊ नकोस,
दोघं मिळून अर्धा अँपिअरसुद्धा खात नाहीत.
लाल बारा व्होल्टची, काळी परतीची."
"आणि पिवळी?"
"पिवळी सांगते, मी किती फिरतोय."

मी तोंडं उलटून पाहिली.
एकात तीन तारा, दुसऱ्यात दोनच.
"फसवलं मेल्याने बाजारात!"
तो हसला. कितीतरी दिवसांनी.
"अगं, दोघं एकदम बोलले तर बोर्डाला काही कळत नाही.
म्हणून जीभ एकालाच.
दुसऱ्याने नुसतं फिरायचं."

मागे आई जर्दाळूच्या बिया फोडत होती.
टक. टक.
त्यालाही ऐकू जात असणार.
वडिलांच्या मातीला तो आला नाही,
तिकिटाचे पैसे नव्हते, कागद अडकले होते,
तेव्हापासून ती फोनवर येत नाही.
तीन वर्षं.

बटण दाबलं.
आधी एक वायर पात्याला लागून टरटर वाजली.
आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन बांधली.
मग आवाज असा की
शेजारच्या खोलीत कुणी गाढ झोपलंय.

"आकडा?"
"अकराशे चाळीस."
"छान. आणि दुसरा?"
"दुसऱ्याचा कुठून येणार? तूच तर म्हणालास."
"बंद पडला तरी कळायचं नाही गं. अधूनमधून मागे हात धरत जा."

मग तो बराच वेळ थांबला.
पावसाचा आवाज आला.
"आई?"
"बरी आहे. जेवते, झोपते."
रोजचाच आकडा. तोंडपाठ.
रात्री ती त्याची शाळेतली टोपी
उशीखालून काढून झटकते, परत ठेवते,
हे मी कधी सांगितलेलं नाही.
मला कुणी विचारलेलंही नाही.

टक थांबली होती.
आई उठली, गुडघ्यावर हात ठेवून,
टेबलाला वळसा घालून गेली,
आणि पेटीच्या मागे तळवा धरला.
बोटांना बियांची साल चिकटलेली.
ती उडून जमिनीवर पडली.

"वारा येतोय," ती म्हणाली,
माझ्याकडे बघत, जरा मोठ्यानेच.
"येतोय म्हणावं त्याला."

फोन बाटलीवरून घसरला.
मी उचलला नाही लगेच.